कापूस मोडला की घेऊ

आमच्या घरात कोणी काही मागितलं की उत्तर ठरलेलं असायचं: "कापूस मोडला की घेऊ." मोडला म्हणजे विकला. माझे बाबा हेच म्हणायचे, त्यांचे बाबाही हेच म्हणत असणार. ऐकणाऱ्याला वाटेल, किती धीराची माणसं! मलाही तसंच वाटायचं. 2022 च्या दिवाळीत एका रात्री बायकोने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की तोच कापूस मी पाच जागी देऊन बसलो आहे. कृषी केंद्राला बी-खताच्या उधारीपायी, सोसायटीला पीक कर्जापायी, मोबाइलच्या हप्त्याला, मुलीला सायकल म्हणून आणि स्वतःला मोटारसायकल म्हणून. कापूस अजून पऱ्हाटीवरच, म्हणजे झाडावरच होता.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. सात एकर कोरडवाहू वावर. पाच एकरांत पऱ्हाटी आणि तिच्यात तुरीचे तास, दोन एकर सोयाबीन, गोठ्यात एक गाय. 2021-22 चा हंगाम आमच्याकडे कोणी कास्तकार विसरणार नाही. हमीभाव क्विंटलला 6,025 होता आणि बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला. माझा बहुतेक माल जानेवारीतच 9,700 ने गेला होता, तरी एवढा पैसा एकदम हातात मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. सोसायटीचं कर्ज आधी भरलं, तेवढं एक शहाणपण केलं. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला आपल्या राज्यात व्याज पडत नाही. मग मात्र हात सुटला. टीव्ही रोखीत आणला आणि मोबाइल हप्त्यावर.

मोबाइलही रोखीत घेता आला असता. पण दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, पैसे कायले अडकवता? शून्य टक्के आहे ना." मला वाटलं, बरोबर आहे, पैसे हातात राहिलेले बरे. 17,999 चा मोबाइल. तीन हजार आधी, मग दीड हजाराचे दहा हप्ते, फाइल चार्ज वेगळा. पुढे माझ्या साळ्याने तोच मोबाइल त्याच दुकानातून रोखीत 16,800 ला घेतला. शून्य टक्के म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. आणि हातात राहिलेल्या पैशांचं काय झालं म्हणाल, तर ते आजही मला सांगता येत नाही. दोन लग्नांचे आहेर, एक नागपूरची चक्कर, बाकी हवा.

जुलैत पावसाने झोडपलं. खालच्या दोन एकरांत पाणी साचून पऱ्हाटी पिवळी पडली, नाल्याकडची पट्टी तर खरडूनच गेली. ऑगस्टचा हप्ता बाउन्स झाला, सप्टेंबरचाही. बँकेने दंड लावला तो वेगळा, फायनान्सवाल्यांनी लावला तो वेगळा. वसुलीवाल्या मुलीचा फोन त्याच मोबाइलवर यायचा. हप्ता दर महिन्याला येतो, आमच्याकडे पैसा दर महिन्याला येत नाही. एवढी साधी गोष्ट मला दीड हजाराच्या दोन हप्त्यांनी शिकवली. नोकरीवाल्याला हप्ता झेपतो, कारण त्याची पगाराची तारीख असते. आमची तारीख पावसाच्या हातात.

त्या दिवाळीच्या रात्री बायकोने मुलीची एक शंभर पानी वही घेतली आणि खिळ्याला दोरीने टांगली. नियम तिनेच केला. पाचशेच्या वरची कोणतीही वस्तू त्या दिवशी घ्यायची नाही. वहीत लिहायची, समोर तारीख आणि किंमत. मग चार आठवडी बाजार जाऊ द्यायचे. पाचव्या बाजाराला ती हवीशीच वाटली आणि पैसे हातात असले, तर घ्यायची. हप्त्यावर काहीच नाही. ही बचत गटात सात वर्षांपासून आहे. महिन्याला शंभर रुपये टाकत टाकत तिने शिलाई मशीन घेतलं, हे मला माहीत होतं. पण ते 'बायांचं काम' म्हणून मी कधी त्याकडे पाहिलं नव्हतं.

पहिलं पान अजून तसंच आहे. पहिल्या ओळीत माझ्या अक्षरात: "गाडी, 125." तिच्याखाली "बूट, 1,100". मग "होम थिएटर, 4,200". त्याखाली मुलीच्या अक्षरात "सायकल (लाल)", किमतीच्या जागी प्रश्नचिन्ह. चार बाजार गेल्यावर मी होम थिएटरची ओळ वाचली आणि खरंच सांगतो, आठवेना की हे कशाला लिहिलं होतं. कोणाच्या तरी घरी ऐकलं असेल. ती ओळ मी खोडली. खोडताना जे बरं वाटलं ना, त्यात थोडा 4,200 रुपये कमावल्याचा भास होता. बूट मात्र पाचव्या बाजारी घेतले, अजून वापरतो.

पण चांगलं चाललंय म्हणेपर्यंत बायकोने पाणी टाकलं. "वही पाचशेच्या वरच्याची आहे. खर्रा कुठं लिहायचा?"

विदर्भाबाहेरच्यांना सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून देतात, तो खर्रा. तो खाऊ नये हे खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मी दिवसाला तीन खायचो, वीस रुपयांचा एक. म्हणजे महिन्याला अठराशे. ज्या हप्त्यापायी मी दोन महिने फोन बंद करून फिरलो, तो दीड हजाराचा. ती एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. खर्रा सुटला असं लिहिलं तर खोटं होईल. तीनाचा एक झाला. वाचलेल्या चाळीसचं काय करायचं, हा प्रश्न मात्र वहीने नाही, डब्याने सोडवला. रोज संध्याकाळी चाळीस रुपये चहापत्तीच्या जुन्या डब्यात. पानठेल्यावर जाऊन न खाता परत येणं फार कठीण, म्हणून रस्ताच बदलला. दोस्त म्हणाले, "काय बे, बायकोनं बंदी केली का?" मी हो म्हणायला लागलो. त्याने वाद संपतो.

आता या सगळ्यातला विनोद ऐका. ज्या हिवाळ्यात मी बूट घ्यायला महिनाभर थांबायला शिकलो, त्याच हिवाळ्यात थांबण्यानेच मला बुडवलं. 2022-23 चा कापूस. आदल्या वर्षीचे दहा हजार सगळ्यांच्या डोक्यात बसले होते. डिसेंबरात व्यापारी 8,600 ने मागत होता. मी म्हटलं, थांबू. बावीस क्विंटल कापूस समोरच्या खोलीत छतापर्यंत भरला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. भाव उतरत गेला आणि मी म्हणत राहिलो, थांबू. कापसावर झोपणाऱ्या मुलांच्या अंगाला खाज सुटली, पाहुणे अंगणात बसू लागले, माल वाळून वजनही घटलं. मे महिन्यात, पेरणी तोंडावर आली म्हणून, 7,200 ने मोडला. आमच्या गावात त्या वर्षी निम्म्या घरांची हीच गत होती.

त्या महिन्यात मी वहीवर चिडलो होतो. थांबणाऱ्याचं भलं होतं म्हणता, मग हे काय? माझी समजूत हळूहळू पटली, ती अशी. घ्यायला थांबतो तेव्हा पैसे माझ्याजवळ असतात, वस्तू दुकानात असते, दोन्ही कुठे पळत नाहीत. विकायला थांबतो तेव्हा माझ्याजवळ फक्त आशा असते, आणि वर खोलीभाडं मुलांच्या अंगावर निघतं. एकात मी मनाला आवर घालतो, दुसऱ्यात जुगार खेळतो. दोन्हीला 'धीर' हाच शब्द लावतो, म्हणून घोटाळा होतो. आता वेचा, म्हणजे वेचणीचा एक फेरा झाला की निम्मा कापूस मोडतो, निम्मा संक्रांतीपर्यंत ठेवतो. भाव कधी पुढे जातो, कधी मागे. झोप लागते.

त्याच वर्षी मुलीच्या शाळेत पालक सभा होती. सरांनी एक प्रयोग सांगितला, बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकला असेल. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1960 च्या दशकाच्या शेवटी आणि पुढे लहान मुलांपुढे एक गोड खाऊ ठेवला. मी परत येईपर्यंत खाल्ला नाही तर दोन मिळतील, असं सांगून मोठं माणूस खोलीबाहेर जायचं. काही मुलं थांबली, काहींनी लगेच तोंडात टाकला. थांबलेली मुलं पुढे अभ्यासात बरी निघाली, असं त्यातून निघालं. सरांनी तिथेच थांबवलं आणि आम्हाला उपदेश केला की मुलांना धीर शिकवा.

मी घरी येऊन हप्ते फेडलेल्या त्याच मोबाइलवर वाचत बसलो, तर पुढची गोष्ट जास्त कामाची निघाली. 2018 मध्ये जास्त मुलांवर हे पुन्हा तपासलं तेव्हा तो परिणाम बराच लहान निघाला, घरची परिस्थिती धरली की तर फारच थोडा उरला. आणि त्याआधी, 2013 मध्ये, रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला होता. 28 मुलं. त्यांनी अर्ध्या मुलांना आधी शब्द दिला, की चांगले रंग आणून देतो, आणि आणलेच नाहीत. बाकीच्यांना दिलेला शब्द पाळला. मग खाऊ पुढे ठेवला. ज्यांच्याशी शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांच्याशी मोडला होता ती तीन.

बारा आणि तीन. मी मोबाइल बाजूला ठेवला. माझी मुलगी तेव्हा पाचवीत. दोन वर्षांपासून तिला लाल सायकल 'कापूस मोडला की' मिळणार होती. कापूस दोनदा मोडला होता. ती अलीकडे बाजारात गेली की दिसेल ते तिथेच मागायची, पाय आपटायची, आणि मी बायकोला म्हणायचो, या पोरीला अजिबात धीर नाही. तिला कुठून असणार? थांबून काय मिळतं, हे तिने माझ्याकडूनच पाहिलं होतं.

माय म्हणाली, "आठवीत गेली का सरकारची मानव विकासची सायकल भेटतेच ना तिले, फुकट. कायले घेता?" बोलणं खोटं नव्हतं. तरी मी वहीत तिच्या ओळीपुढे लिहिलं: "दुसऱ्या वेच्याचा कापूस, दोन क्विंटल, फक्त सायकलीचा." नुसता कापूस नाही, कोणता वेचा तेही. 2023 च्या हंगामात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा करून पहिला वेचा झाला तेव्हापासून तिचं सुरू झालं, "दुसरा केव्हा?" नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस आला आणि फुटलेला कापूस पऱ्हाटीवरच भिजला. ती वावरात आली आणि ओला कापूस हातात घेऊन उभी राहिली. काही बोलली नाही. मीही नाही. तो कापूस वाळवून, डाग लागल्याने भाव कमी घेऊन, डिसेंबरात मोडला. 4,800 ची सायकल आली. लाल नव्हती, निळी मिळाली. तिला चालली.

त्यानंतर बाजारातलं पाय आपटणं बंद झालं, असं काही नाही. पण "लिहून ठेवू का?" हे ती विचारायला लागली.

माझी खरी परीक्षा 2024 च्या मार्चमध्ये झाली. तुरीला दहा हजारांच्या आसपास भाव होता. सहा क्विंटल तूर मोडून 58,000 घरात आले. पेरणीला तीन महिने, आणि लग्नसराई सुरू. पहिल्या पानाची पहिली ओळ रोज मला दिसायची. बाबांच्या वेळची गाडी किकला पंधरा मिनिटं घेते. पाडव्याच्या आठ दिवस आधी शोरूममधून फोन: "दादा, फक्त वीस हजार भरा, गाडी घेऊन जा." हा माणूस माझं मन वाचतो की काय, असं वाटलं.

बायकोने विचारलं, "बियाण्याचं काय?" मी म्हटलं, उधारीत आणू, दरवर्षी आणतोच. तेव्हा तिने मागच्या वर्षीची कृषी केंद्राची चिठ्ठी काढली. बियाण्याचं पाकीट छापील किमतीलाच लिहिलेलं असतं, तिथे त्यांना हात मारता येत नाही. पण खताचा आणि फवारणीच्या औषधाचा भाव उधारीत त्यांच्या मनाचा, आणि दिवाळीनंतर शेकडा दोन रुपये महिना. त्यात मला पाहिजे ते वाण मिळत नाही, ते देतील ते घ्यायचं. चिठ्ठीवर 46,000 होते.

मग तिने जे केलं त्यावरून आमचं चार दिवस भांडण होतं. 50,000 आपल्या खात्यात टाकले आणि एटीएम कार्ड माहेरी, भावजयीकडे ठेवून आली. चाळीस किलोमीटर. "तुमच्यावर भरोसा नाही असं नाही," ती म्हणाली, "माह्यावरच नाही." हे खोटं होतं हे दोघांनाही माहीत होतं. पण बोलायला बरं पडलं. पाडव्याला मी दोनदा एसटी स्टँडपर्यंत गेलो, साळ्याच्या गावची गाडी पाहिली आणि परत आलो. चाळीस किलोमीटर जाऊन भावजयीपुढे हात पसरायचा आणि शोरूमचं नाव सांगायचं, हे काही जमेना. मनाच्या निश्चयापेक्षा ती एसटी जास्त कामी आली, हे मी मोकळेपणाने सांगतो.

जूनमध्ये रोख पैसे घेऊन गेलो. पाकिटाची किंमत त्या वर्षी 864 होती, दहा पाकिटं, माझ्या पसंतीच्या वाणाची. खत, औषधं, सगळं धरून 38,500. तेवढंच सामान, तेच दुकान. दुकानदाराने चहा पाजला. उधारीत इतकी वर्षं नेलं, चहा पहिल्यांदा मिळाला.

आणि मग डोक्यात हवा गेली. सप्टेंबरात जुनी ताडपत्री फाटलेली दिसली. नवीन 2,600 ची. मी मोठ्या ऐटीत वहीत लिहिली. चार बाजार. तिसऱ्या बाजाराच्या आधी सोयाबीन कापून गंजी लागली होती आणि रात्री दोन वाजता विजा चमकल्या. आम्ही तिघं जण फाटकी ताडपत्री, खताच्या रिकाम्या चुंगड्या, घरातल्या चादरी घेऊन धावलो. गंजीचा एक अंग भिजलाच. सात क्विंटल दाणा काळा पडला, 3,400 ने गेला, चांगला 4,200 ने. हिशेब तुम्हीच करा, मला तो करून झाला आहे.

सकाळी बायकोने वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहिलं: "वावराचं आणि दवाखान्याचं यात लिहायचं नाही." ते वाचून माय म्हणाली, "मंग माह्या चष्म्याचं सांगू का?" तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, ते मला माहीत होतं. नंबर वाढून वर्ष झालं होतं, ते माहीत नव्हतं. तिला वाटलं, चष्मा वहीत लिहावा लागेल, आणि तिला लिहिता येत नाही.

त्या दिवशी मी वही पहिल्यापासून चाळली. दोन वर्षांत एकोणचाळीस ओळी. चोवीस माझ्या, बारा मुलांच्या, तीन बायकोच्या. मायची एकही नाही. ज्याला मी थांबायला शिकणं म्हणतो, ते या दोघी न शिकताच करत होत्या, आणि त्याला घरात कोणी नावही दिलं नव्हतं. चष्मा दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याहून आणला.

दुधाचे पैसे दहा दिवसांनी येतात, आमच्या घरातलं तेवढंच काय ते पगारासारखं. त्यातून पोस्टात पाचशेची आरडी लावली आहे. पाच वर्षांची, 6.7 टक्के व्याज. तीस हजार भरले की साडेपस्तीसच्या वर मिळतील. गाय आटली त्या दोन महिन्यांत भरणा चुकला, तर शंभराला रुपयाप्रमाणे दहा रुपये दंड पडला. मोबाइलवाल्यांचा दंड आठवून पोस्टातल्या बाबूला मी दोनदा विचारलं, दहाच ना?

गाडी अजून घेतलेली नाही. पहिल्या ओळीपुढची तारीख तीनदा बदलली आहे. चहापत्तीचा डबा भरला की बायकोच्या खात्यात जातो, तिथे आता 41,300 आहेत. जुनी गाडी थंडीत वीस मिनिटं घेते.

परवा पाहतो तर माझ्या ओळीशेजारी मुलीने लिहिलं होतं: "गिअरची सायकल." मी म्हटलं, लिहिलं ना, आता थांब. ती म्हणाली, "थांबते. पण बाबा, कोणत्या वेच्याचा कापूस?"

घाईत होतो, तोंडातून निघून गेलं, "फरदडीचा." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून घेतलेला कापूस.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "बोंडअळीच्या भीतीनं तुम्ही फरदड ठेवणं तर कधीचंच सोडलं ना?"